राज्य कोणावर आहे, ते आधी पाहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याच्या पश्चिमेकडील एका मोठ्या बांधकामाच्या साइटवर, मजुरांच्या पत्र्याच्या वसाहतीत, तुम्ही आणि तुमचे कार्यालयातील मित्र गेले चार महिने दर रविवारी सकाळी आठ ते दहा मुलांचे खेळ घेता. मुले पस्तीस ते चाळीस, वये चार ते चौदा. तुम्ही क्रिकेटचे चांगले साहित्य आणले, पण दर वेळी भांडणे होतात, मुली कडेला उभ्या राहतात, आणि सुरुवातीच्या अकरा स्वयंसेवकांपैकी आता पाचच उरले आहेत. डिसेंबरात चाळीस हजार रुपये खर्चून टी-शर्ट, पदके आणि पाहुणे असा क्रीडामहोत्सव घेतला, तर मुलांना आनंद मिळेल का आणि गळालेले मित्र परत येतील का, असे तुम्ही विचारले आहे.

आनंद मिळेल, एक दिवस. मित्रही त्या दिवशी येतील, छायाचित्रे काढतील आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी मैदानावर तुम्ही पुन्हा पाचच जण असाल. हे मी तुम्हाला नाउमेद करण्यासाठी लिहीत नाही. हा प्रयोग मी स्वतः करून पाहिला आहे आणि त्याची हकीकत पुढे सांगणारच आहे. मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते. निवृत्तीच्या आधीपासून, एकूण एकोणीस वर्षे, वस्त्यांमध्ये आणि साइटवर खेळवर्ग चालवत आले आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. तुमचे मैदान किती मोठे आहे, साइटचे व्यवस्थापन ते कधीपर्यंत मोकळे ठेवणार आहे, मुले तिथे किती महिने राहतात, तुमच्यात किती स्त्रिया आहेत, यांची उत्तरे मला ठाऊक नाहीत. स्लॅबचे काम संपले की एक टोळी जाते आणि गिलाव्याची दुसरी येते. त्यामुळे आज खेळणाऱ्या मुलांपैकी निम्मी मुले सहा महिन्यांनी तिथे नसतील, असे धरूनच चालावे लागते. कायम वस्तीत जे जमते ते सगळे साइटवर जमत नाही. तरीही तुमची अडचण मला साहित्याची किंवा निधीची वाटत नाही. ती वाट पाहण्याची आहे, आणि ती मुलांची आहे तशीच स्वयंसेवकांचीही आहे.

माझे म्हणणे पटवण्यासाठी एक जुना हिशेब सांगते. एका साइटवर आम्हीही क्रिकेटनेच सुरुवात केली होती. एका रविवारी मी एका नऊ वर्षांच्या मुलावर नजर ठेवून घड्याळ लावले. पन्नास मिनिटांत त्याच्या वाट्याला फलंदाजीचे तीन चेंडू आले, दोनदा तो चेंडूमागे धावला, आणि उरलेला सगळा वेळ सीमेवर वाळूच्या ढिगाशेजारी उभा राहून त्याने पायाने खड्डा खणला. तो खड्डा मात्र खरोखर सुबक झाला होता. त्या दिवशी भांडण झाले तेव्हा सगळ्यात मोठ्याने तोच ओरडत होता, आणि आमच्यातला एक तरुण मला म्हणाला, ‘बाई, या मुलांना शिस्तच नाही.’ छत्तीस मुले, एक बॅट, एक चेंडू आणि बॅट न सोडणारी तीन मोठी मुले, हे गणित शिस्तीने सुटणारे नाही. ज्याला खेळायला बोलावून उभे केले आहे, तो भांडणारच. निदान भांडणात तरी त्याचा डाव येतो.

म्हणून मी कोणत्याही खेळाला पहिला प्रश्न विचारते, की यात प्रत्येक मुलाचे पाय किती मिनिटे हलतात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. साइटवरचे मूल एरवीही इकडे तिकडे पळत असते, हे खरे आहे. पण पाणी भरायला पळणे आणि साखळीतून निसटायला पळणे यांत फरक आहे, आणि तो मुलाच्या तोंडावर दिसतो. क्रिकेट वाईट खेळ नाही. बारा मुले आणि दोन तास असतील, तर जरूर खेळावे. चाळीस मुलांसाठी तो खेळ नव्हे, रांग आहे.

त्या जागी आधी सोपे, साहित्य न लागणारे खेळ घ्या. साखळी घ्या, कारण त्यात बाद होणारे मूल बाहेर बसत नाही, उलट साखळीत सामील होऊन आणखी जोरात पळते. विषामृत घ्या. ज्याच्यावर राज्य आहे त्याने ‘विष’ म्हणून शिवले की खाली बसायचे, आणि कोणी भिडू येऊन ‘अमृत’ म्हणाला की उठून पळायचे. या खेळात जे मूल बसलेले असते, ते हात वर करून, नावे घेऊन सोडवणाऱ्याला बोलावत असते. छत्तीसगड, बिहार आणि कर्नाटक अशा तीन ठिकाणांहून आलेली मुले, ज्यांच्या आयांमध्ये नळावर बोलणे होत नव्हते, ती या खेळामुळे एकमेकांची नावे शिकलेली मी पाहिली आहेत. नाव ठाऊक नसेल तर सोडवायला हाक कोणाला मारणार?

त्यानंतर महिनाभराने खो-खो आणा. खो-खोचे नियम बांधण्याचे काम १९१४ मध्ये पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर सुरू झाले, आणि आज पुण्यात मुलांसाठी काम करणारे तरुण पिशवीतून बॅट घेऊन निघतात, याची मला थोडी खंत वाटते. पण ते असो. खो-खोतही बसून राहावे लागते, मग तो चालतो कसा, असे तुम्ही विचाराल. पाठलाग करणाऱ्या बाजूचे आठ जण मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि नववा पळत असतो. परंतु बसलेल्या प्रत्येकाला पुढच्या क्षणी पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू येण्याची शक्यता असते, म्हणून तो उकिडवा, हात टेकून, पाय मागे रोवून, कान टवकारून बसतो. सीमेवरच्या त्या खड्डा खणणाऱ्या मुलाचे बसणे आणि हे बसणे यांत काडीचेही साम्य नाही. पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. तेवढी सपाट जागा साइटवर क्वचितच मिळते. पाच किंवा सहा जण बसतील एवढीच पाटी फक्कीने आखा, दोन टोकांना खुंटांऐवजी दोन स्वयंसेवक उभे करा आणि डाव तीन मिनिटांचाच ठेवा. खुंट झालेल्या माणसाला मुले वळताना कवेत घेतात, हा त्या जागेचा जास्तीचा लाभ आहे.

मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवून विजेतेपद मिळवले, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. त्या अंतिम सामन्याची पाच मिनिटे फोनवर दाखवा. दाखवून झाल्यावर फोन खिशात ठेवा.

मात्र मुली कडेला उभ्या राहतात त्याचे कारण त्यांना खेळ येत नाही किंवा त्या लाजतात, असे तुम्ही गृहीत धरले असेल, तर त्यांच्या कडेवर पाहा. आमच्या एका साइटवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी दर रविवारी वेळेवर यायची आणि विटांच्या थप्पीला टेकून उभी राहायची. आम्ही तिला सहा आठवडे ‘ये, खेळायला ये’ असे म्हणत राहिलो आणि ती हसून मान हलवत राहिली. सातव्या आठवड्याला आमच्यातल्या एका ताईला उमगले, की तिच्या कडेवर आठ महिन्यांचा भाऊ असतो आणि त्याला खाली ठेवायला जागाच नाही. सगळीकडे खडी, सळ्यांचे तुकडे आणि सिमेंटचे पाणी. त्या ताईने काही न बोलता हात पुढे केले आणि बाळ घेतले. मुलीने ओढणी कमरेला बांधली, चपला विटांवर जोडीने ठेवल्या आणि साखळीत घुसली. वीस मिनिटांत तिला कोणी शिवू शकले नाही. नंतर बाळ परत घ्यायला आली तेव्हा ती इतकी धापा टाकत होती, की बाळ तिच्या छातीच्या भात्याकडे बघून हसायला लागले. त्या दिवसापासून आमच्याकडे एक सतरंजी, दोन खुळखुळे आणि ‘आज बाळे कोण सांभाळणार’ ही एक पाळी कायमची आली. जिथे पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया कामाला असतात, अशा साइटवर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असले पाहिजे, असे बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या कायद्यात होते; त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने घेतली. तुमच्या साइटवर ते आहे का आणि रविवारी उघडे असते का, हे अवश्य विचारा, परंतु ते उघडेपर्यंत थांबू नका.

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वेगळा गट करण्याइतके तुम्ही आज संख्येने नाही आहात. त्यांना सरळ कच्चे लिंबू करा. आपल्या लहानपणी ही सोय प्रत्येक गल्लीत होती. लहान मूल सगळ्यांबरोबर पळते, त्याला शिवले तरी ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. माझा अनुभव असा, की मोठ्या मुलांना एकदा ही पद्धत सांगितली की ती आपणहून सांभाळतात; कच्च्या लिंबाला मुद्दाम जवळून जाऊ देतात, पकडल्याचे सोंग करतात. बॅट न सोडणाऱ्या त्या तीन मोठ्या मुलांमधला कोवळेपणा मला सगळ्यात आधी इथे दिसला. एखादे कच्चे लिंबू एक दिवस हात कमरेवर ठेवून सांगते, की आता मी पक्का आहे, माझ्यावर राज्य द्या. तो दिवस वहीत लिहून ठेवण्यासारखा असतो आणि आम्ही तो लिहून ठेवतो.

आणखी एक करा. आठवड्यातून एक खेळ मुलांनी शिकवायचा आणि तुम्ही शिकायचा. ज्याला आपण लगोरी म्हणतो तोच खेळ हिंदी मुलखातली मुले पिट्टू म्हणून आणतात, आणि नियमांतल्या फरकावरून जो वाद होतो तो भांडणापेक्षा फार वरच्या दर्जाचा असतो. छत्तीसगडमधल्या मुलांना गेडी, बाटी आणि भौंरा विचारा, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर चालणे, गोट्या आणि भोवरा; तिथल्या सरकारने २०२२ मध्ये पारंपरिक खेळांच्या ज्या स्पर्धा सुरू केल्या त्यांत हे तिन्ही होते. त्यांतच फुगडीही होती. बिलासपूरकडच्या एका मुलीने आम्हाला तिची फुगडी दाखवली, तेव्हा ती उकिडवी बसून एक एक पाय पुढे फेकू लागली. आमच्याबरोबर पन्नाशीच्या एक बाई यायच्या. बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या, हजेरी लिहिण्यापलीकडे काही न करणाऱ्या. त्या एकदम उठल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, ही तर आमची बसफुगडी! मंगळागौरीला आम्ही हीच घालायचो.’ पदर खोचून बाई त्या मुलीसमोर बसल्या आणि अकरा की बारा फुगड्या घालून मागे कोलमडल्या. मुले टाळ्या पिटत होती. बाई मातीत बसूनच हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यानंतरची चार वर्षे त्यांनी एकही रविवार चुकवला नाही.

येथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तुमच्या सहा मित्रांच्या न येण्याचे कारण मला याच प्रसंगात दिसते. ते काम अवघड होते म्हणून गेले नसावेत. त्यांना काय काम दिले होते, ते आठवून पाहा. बहुधा एक पंच होता, एक धावफलक लिहीत होता, दोघे भांडणे सोडवत होते, एक बिस्किटे वाटत होता आणि उरलेले हाताची घडी घालून कडेला उभे होते, अगदी त्या मुलींसारखे. आठवडाभर संगणकासमोर बसलेल्या माणसाला रविवारी सकाळी पुन्हा उभे करून देखरेखीला लावले, तर तो तिसऱ्या महिन्यात आजारी पडतो, पाचव्या महिन्यात त्याच्या घरी पाहुणे येतात आणि मग तो संदेशांना उत्तर देईनासा होतो. त्याला दोष देऊ नका. त्याचाही डाव आला नव्हता.

म्हणून माझ्या खेळवर्गाचा एकमेव कडक नियम स्वयंसेवकांसाठी आहे: प्रत्येक दिवशी प्रत्येकाने एकदा तरी राज्य घ्यायचे. पळायचे, शिवायचे, फसायचे आणि बाद व्हायचे. ज्यांना गुडघ्यांमुळे पळता येत नाही त्यांनी खुंट व्हावे, ‘मामाचे पत्र हरवले’मध्ये गोलात बसावे, पण बाहेर उभे राहू नये. एका लेखापालाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. गृहस्थ पहिल्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात आले आणि मुलांना उद्देशून खेळाचे महत्त्व या विषयावर बोलू लागले. दुसऱ्या वाक्याला मुलांची पांगापांग सुरू झाली. मी त्यांच्या हातात फक्कीची पिशवी दिली आणि नंतर लंगडीत राज्य दिले. त्यांना लंगडी घालून वर्षे झाली असणार. पाचव्या उडीला ते एका सात वर्षांच्या पोरापुढे मातीत बसले. ते पोर आधी घाबरले, मग जवळ येऊन अतिशय गंभीरपणे म्हणाले, ‘दादा, पाय बदलायचा नसतो, पण हात पसरायचे असतात.’ आणि त्याने हात पसरून दाखवले. त्या मुलाला त्या दिवशी जे मिळाले ते कोणत्याही पदकाने मिळाले नसते, आणि लेखापालांना काय मिळाले ते त्यांनी मला सांगितले नाही. पुढच्या रविवारी ते टी-शर्ट घालून पाऊण तास आधी आले आणि एकटेच लंगडीचा सराव करत होते.

मोठा माणूस हरतो, हे मुलांनी पाहणे फार गरजेचे असते. साइटवरच्या मुलाच्या आजूबाजूची सगळी मोठी माणसे हुकूम देणारी किंवा हुकूम घेणारी असतात. सुपरवायझर बापाला ओरडतो, बाप आईला, आई मुलीला. त्यात कोणी मोठा माणूस नियमाप्रमाणे बाद झाला आणि कुरकुर न करता बाहेर गेला, तर रडीचा डाव न खेळण्याचा तो धडा मुले घेतात. तुम्ही पंच म्हणून शिट्टी वाजवून तो शिकवू शकणार नाही. शाळेत मी कितीतरी वर्षे शिट्टी वाजवली आहे, म्हणून हे जबाबदारीने लिहिते.

थोडे व्यवहाराचे. दोन तास खूप होतात. सव्वा तास ठेवा, आणि मार्चपासून सकाळी सातला सुरू करून उन्हाच्या आत संपवा. पाच जणच असाल तर पाळी लावा, म्हणजे दर रविवारी तिघे नक्की आणि दोघांना सुटी, अपराधी न वाटता. रविवार चुकवू नका. जो स्वयंसेवक महिन्यातून एकदा पण ठरलेल्या रविवारी येतो, तो मनात आले की येणाऱ्यापेक्षा मुलांना अधिक जवळचा वाटतो. खेळ संपल्यावर टपरीवर चहा घेत पंधरा मिनिटे बसा आणि प्रत्येकाने एका मुलाविषयी, त्याचे नाव घेऊन, एक गोष्ट सांगा. आमच्याकडे माणसे टिकली ती बहुतांशी या चहामुळे.

सुरक्षिततेबाबत मात्र मी काहीही सोडत नाही. बांधकामाच्या साइटवर लपाछपी, डबडा ऐसपैस असे लपण्याचे खेळ अजिबात घेऊ नका. मुले लिफ्टच्या खड्ड्यात, पाण्याच्या टाक्यांमागे, पत्र्यांच्या थप्पीत शिरतात. खेळाआधी दहा मिनिटे सगळ्यांनी एका रांगेत मैदानावरून चालायचे आणि खिळे, बांधणीच्या तारेचे तुकडे, काचा वेचून डब्यात टाकायच्या; मुले या कामात शर्यत लावतात आणि तोही खेळ होतो. निम्मी मुले अनवाणी असतात, म्हणून प्रथमोपचाराची पेटी, स्वच्छ पाणी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन मिळेल अशा जवळच्या दवाखान्याचा पत्ता ठरलेला असावा. कोणताही स्वयंसेवक कोणत्याही मुलाबरोबर एकटा, आडोशाला जाणार नाही. कायम दोन मोठी माणसे दिसतील अशी राहतील. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हा नियम आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा काय सांगतो ते समजावून सांगा, आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. पालकांना विचारल्याशिवाय मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नका. तुमच्या मित्रांना हे जड जाईल, तरीही.

आता महोत्सवाची हकीकत. दुसऱ्या वर्षी आम्ही तो घेतला होता. एका कंपनीने टी-शर्ट दिले, मंडप घातला, पाहुणे दीड तास उशिरा आले आणि तोपर्यंत मुले उन्हात रांगा करून बसली होती. शंभर मीटर, गोणपाट शर्यत, लिंबू-चमचा. प्रत्येक गटात तीन पदके. एकोणपन्नास मुलांपैकी चौदा जणांच्या गळ्यात पदके आली, आणि त्यांतल्या काहींना दोन-दोन. पाहुण्यांच्या भाषणाच्या वेळी मला दिसले, की वर्षभर विषामृतात सगळ्यांना सोडवत फिरणारा एक किरकोळ अंगाचा मुलगा टी-शर्ट काढून, घडी करून, मांडीवर ठेवून बसला आहे. तो चौथा आला होता. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी खोलीवर गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, ‘म्हणतो, तिथे आता जिंकावे लागते.’ स्पर्धेला माझा विरोध नाही. मी संघ घेऊन जिल्ह्याच्या मैदानांवर गेले आहे आणि हरल्यावर रडलेही आहे. पण स्पर्धा ज्याला हवी त्याने निवडलेली असावी, तिच्यामागे महिनोन्‌महिन्यांचा सराव असावा. ज्या मैदानावर मुले केवळ आपला डाव येतो म्हणून येत होती, तिथे एका सकाळीत आम्ही त्यांची क्रमवारी लावली. तो मुलगा तीन आठवड्यांनी परत आला, तेही लेखापाल त्याला रोज संध्याकाळी ‘लंगडीत मला अजून हात पसरायला जमत नाही’ असे सांगायला जात होते म्हणून.

तेव्हा तुमच्या चाळीस हजारांविषयी माझे मत असे. रबरी चेंडू डझनभर, दोऱ्या, दोन जाड सतरंज्या, फक्की, प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याच्या पाण्याचे पिंप, यात आठ-दहा हजार जातील. काही रक्कम स्वयंसेवकांच्या चहासाठी आणि येण्याजाण्याच्या भाड्यासाठी बाजूला ठेवा. ज्याला रिक्षाचे भाडे परवडत नाही असा एखादा महाविद्यालयीन मुलगा तुमच्यातला सर्वांत टिकाऊ कार्यकर्ता ठरू शकतो. उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ताडपत्रीची शेड घालायला लागतील, कारण जून ते सप्टेंबर बाहेर चिखल असतो आणि तेव्हाच वर्ग बंद पडतात.

आणि डिसेंबरात एक दिवस हवाच असेल, तर तो आयांचा करा. खर्ची, म्हणजे मजुरीतली आठवड्याची उचल, शनिवारी मिळत असेल तर रविवारी दुपारी बाया बाजाराला जातात, म्हणून सकाळचीच वेळ ठेवा आणि मुकादमाला आधी आठवडाभर सांगून ठेवा. मंडप नको, पाहुणे नकोत. लंगडी, रस्सीखेच, फुगडी, आणि शेवटी आया विरुद्ध मुले असा खो-खो. आमच्या एका साइटवर हे झाले तेव्हा दिवसभर डोक्यावर घमेले वाहणाऱ्या एका बाईने साडीचा काचा मारून असा काही पळ काढला, की एका वेळी पळायला उतरणाऱ्या तिघींपैकी पहिल्या तिघींतली ती पूर्ण तीन मिनिटे नाबाद राहिली. तिचा मुलगा पाटीवर बसला होता, त्याला खो मिळाला तेव्हा पळायचे सोडून तो ‘माझी आई आहे ती’ असे बाजूच्यांना सांगत राहिला आणि त्याच्या भिडूंनी त्याला शिव्या घातल्या.

पुढच्या रविवारी बॅट घरी ठेवा. मैदानाची लांबी-रुंदी पावलांत मोजा, जमीन कुठे उतरती आहे, खडी कुठे पडली आहे आणि सळ्यांचा साठा किती जवळ आहे ते कागदावर काढा, आणि इथेच कळवा. मी तुम्हाला सहा जणांच्या पाटीची आखणी करून देईन. तिच्यासाठी दोन किलो फक्की पुरेल.